नवं स्वयंपाकघर, 1983 ची इमारत: निशी कासाईतली एक घरखरेदी

टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्ड आहे आणि त्यात तोझाई लाइनवर निशी कासाई स्टेशन. 2000 च्या सुमारास वाय-टू-केच्या कामासाठी आलेले आपले इंजिनिअर इथे स्थिरावले. ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं एकाच गाडीने गाठता येतात, आणि यूआर या निमसरकारी संस्थेच्या वसाहतींत जामीनदाराशिवाय भाड्याने घर मिळतं. आज इथे भारतीय शाळा आहे, किराणा आहे, गणपती बसतो. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डच्या परिषदेवर निवडून आला तो याच भागातल्या लोकांच्या बळावर. इतकी वर्षं भाड्याने राहिलेली ही मंडळी आता घरं विकत घेऊ लागली आहेत. जपानी कागदपत्रं वाचून अशा कुटुंबांना समजावून सांगायचं काम मी करते. त्यातलंच हे 2024 मधलं एक प्रकरण. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि इमारतीची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

नवरा डोंबिवलीचा, बायको सांगलीची. तो ओतेमाचीला एका कंपनीत सिस्टिम्सचं काम बघतो, ती पाळणाघरात शिकवते. मुलगी जपानी सरकारी शाळेत तिसरीला. शाळा बदलायची नव्हती, त्यामुळे शोध स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतच होता. त्यात नवं घर परवडत नव्हतं. मग एका कंपनीने जुना फ्लॅट विकत घेऊन, आतून पूर्ण नवा करून विक्रीला काढलेला त्यांच्या नजरेत भरला. नऊ मजली इमारतीत पाचवा मजला, जाहिरातीत 53 चौरस मीटर, किंमत 3 कोटी 98 लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन कोटी रुपयांच्या जरा आत. पांढऱ्या भिंती, नवं स्वयंपाकघर, नवी न्हाणी, नवे दरवाजे. बायकोने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, हे जाऊ द्यायचं नाही."

जपानमध्ये परदेशी माणसाला घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. व्हिसा कुठलाही असो, जमिनीतल्या हिश्शासकट फ्लॅट नावावर होतो. उलट घर घेतलं म्हणून व्हिसा मात्र मिळत नाही. अडतं ते कर्जापाशी. बहुतेक बँकांना अर्जदार कायमस्वरूपी रहिवासी लागतो. फ्लॅट 35 या सरकारी पाठबळाच्या स्थिर व्याजाच्या कर्जालाही परदेशी माणसासाठी तीच अट आहे. एरवी कायमस्वरूपी रहिवासी व्हायला दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, पण उच्चकुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत 80 गुण असतील तर एका वर्षात आणि 70 असतील तर तीन वर्षांत अर्ज करता येतो. नवऱ्याला ती परवानगी दोन वर्षांपूर्वीच मिळाली होती. कर्ज बसणार होतं. प्रश्न घराचा होता.

तारीख

जाहिरातीत "1983 मार्च" होतं. जपानचा भूकंपविषयक बांधकाम नियम 1 जून 1981 ला बदलला. जुन्या नियमात मध्यम भूकंपात इमारत टिकावी एवढी अपेक्षा होती. नव्या नियमात फार मोठ्या भूकंपातही ती कोसळू नये, आतल्या माणसांचा जीव वाचावा, अशी. 1995 च्या कोबे भूकंपात हा फरक डोळ्यांना दिसला. म्हणून एजंटही झटकन सांगतात, "81 नंतरची आहे, नव्या नियमाची." पण नियम लागू होतो तो बांधकामाच्या मंजुरीच्या तारखेपासून, इमारत पूर्ण झाली त्या तारखेपासून नाही. नऊ मजले बांधायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. 1982 मध्ये, क्वचित 1983 मध्येही पूर्ण झालेली इमारत जुन्या नियमाची निघू शकते.

एजंटकडे मूळ मंजुरीचा कागद नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद सहसा कोणाकडेच नसतो. पण वॉर्ड ऑफिसात मंजुरीच्या नोंदवहीचा उतारा मिळतो. किरकोळ शुल्क आहे आणि भूखंडाचा तेव्हाचा क्रमांक लागतो. तो काढला. मंजुरी 1981 च्या शरद ऋतूतली निघाली. नव्या नियमाची इमारत. हा उतारा हातात आल्याशिवाय 1981 ते 1983 मधल्या घरावर मी कोणालाही सही करू देत नाही. कर खातं सवलतीसाठी 1 जानेवारी 1982 नंतरची नोंद असली की इमारत नव्या नियमाची धरतं. पण ती हिशेबाची सोय आहे, खांब त्याने मजबूत होत नाहीत.

न्हाणीचं छत

दुसऱ्या भेटीला मी सोबत गेले. घर खरंच सुंदर केलं होतं, आणि ते मी मोकळेपणाने सांगितलं. मग न्हाणीत स्टुलावर चढून छतातली तपासणीची झडप उचलली आणि टॉर्च मारला. खालच्या चकचकीत पांढऱ्या न्हाणीच्या वर, हातभर अंतरावर, काळपट लोखंडी पाइप लटकत होता. सांध्यापाशी गंजाचे पापुद्रे सुटले होते, एका जागी कापड गुंडाळून वर काहीतरी फासलेलं होतं. नवरा म्हणाला, "पण सगळे पाइप बदललेत असं लिहिलंय ना?"

तो पाइप ह्यांचा नव्हताच. तो सहाव्या मजल्यावरच्या घराच्या सांडपाण्याचा. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत न्हाणी-संडासाचं सांडपाणी स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या घराच्या छतातून नेत. वरच्यांचा पाइप आपल्या छतात आणि आपला पाइप चौथ्या मजल्यावरच्यांच्या छतात. त्यामुळे आपलं घर काँक्रीटपर्यंत उघडं करून नवं केलं तरी आपला सांडपाण्याचा पाइप जुनाच राहतो, कारण तो बदलायला खालच्यांची न्हाणी फोडावी लागते. विक्रेत्या कंपनीकडे आम्ही कामाच्या दरम्यानचे फोटो मागितले. चांगली कंपनी ते ठेवते आणि देते, हिनेही दिले. पिण्याच्या आणि गरम पाण्याच्या नळ्या खरोखरच नव्या, प्लॅस्टिकच्या टाकल्या होत्या. स्लॅबखालचा सांडपाण्याचा भाग 1983 चाच होता. जाहिरातीतल्या मजकुरात तारांकन होतं आणि तळाशी बारीक अक्षरात "सामायिक भाग वगळून".

हे "सामायिक" फार महत्त्वाचं. खालच्याच्या छतातून जाणारा असा पाइप इमारतीचा सामायिक भाग आहे, असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2000 मध्ये दिला. म्हणजे तो फुटला तर दुरुस्ती एकट्या मालकाच्या अंगावर येत नाही, ही चांगली गोष्ट. पण तो बदलायचा कधी, हे आता इमारतीचा संघ ठरवतो आणि पैसे संघाच्या निधीतून जातात. विक्रेता कंपनी असेल तर घरातल्या दोषांची किमान दोन वर्षं जबाबदारी कायद्याने तिच्यावर राहते. ती हमी या पाइपापर्यंत पोचत नाही. न्हाणीच्या छतातून आम्ही थेट संघाच्या हिशेबात जाऊन पोचलो.

संघाचे कागद

आपल्याकडे सोसायटी असते तसा तिथे कानरी कुमिआई असतो, म्हणजे फ्लॅटमालकांचा व्यवस्थापन संघ. घर घेताच तुम्ही आपोआप सभासद होता; एनओसी नाही, ट्रान्सफर फी नाही. दर महिन्याला दोन रकमा द्यायच्या: रोजच्या व्यवस्थापनाचा खर्च आणि दुरुस्ती निधी. आधीच्या मालकाने त्या थकवल्या असतील तर नव्या मालकाकडून वसूल करायचा अधिकार कायद्याने संघाला आहे. म्हणून व्यवस्थापन कंपनीकडून अहवाल मागवायचा, आणि त्याबरोबर गेल्या काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि दीर्घकालीन दुरुस्तीचा आराखडा. एजंट म्हणाला, अहवाल करारापूर्वीच्या वाचनाच्या दिवशी मिळेलच. मी तो आठवडाभर आधी मागितला. त्या वाचनात परवानाधारक माणूस आपलं ओळखपत्र दाखवून सगळे महत्त्वाचे मुद्दे मोठ्याने वाचतो, आणि लगोलग त्याच टेबलावर करार होतो. दोन तास जपानी कायद्याची भाषा ऐकून त्याच बैठकीत "नको" म्हणणं कोणालाही जड जातं, परभाषेत तर फारच.

कागद असे बोलले. 48 घरं. या फ्लॅटचा दुरुस्ती निधी महिना 8,000 येन, म्हणजे चौरस मीटरला साधारण 150. भूमी आणि पायाभूत सुविधा मंत्रालयाने 2021 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत या आकाराच्या, म्हणजे 5,000 चौरस मीटरपेक्षा कमी क्षेत्राच्या इमारतीसाठी सरासरी 335 येन दिले आहेत. निम्म्याहून कमी. इतिवृत्तांत निधी वाढवायचा ठराव दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा "पुढील सभेत विचार" असा शेरा. कारणही लिहिलं होतं: बरेच सभासद निवृत्त, वाढ झेपत नाही. बाहेरच्या भिंतींचं आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम वेळेवर झालेलं होतं. सांडपाण्याच्या पाइपांचा खर्च आराखड्यात होता, पण त्या ओळीसमोर पैशाची तरतूद नव्हती.

हे वाचून मला धीरही आला, हे सांगायला हवं. वाईट इमारतीत इतिवृत्तंच नसतात. इथे संघ आपल्या अडचणी लिहून ठेवत होता, कोणाची मोठी थकबाकी नव्हती, आणि तिसऱ्या खेपेला वाढीचा प्रस्ताव टप्प्याटप्प्याने मांडायचं ठरलं होतं. मी या कुटुंबाला एवढंच म्हटलं, की निधी आजच 18,000 झाला असं धरून घर परवडतंय का ते बघा.

डोंबिवलीच्या बाबांचा विचार वेगळा होता. त्यांची स्वतःची सोसायटी नुकतीच रिडेव्हलपमेंटला गेलेली. फोनवर ते म्हणाले, "अरे, जुनी बिल्डिंग म्हणजे उलट चांगलंच की! दहा वर्षांत बिल्डर येईल, मोठं घर मिळेल." हा समज मी इथल्या बऱ्याच मराठी घरांत ऐकते, आणि तो महागात पडू शकतो. मुंबईच्या पट्ट्यात रिडेव्हलपमेंट चालतं ते जादा एफएसआयवर. बिल्डर जादा घरं विकून जुन्या सभासदांचा खर्च भागवतो. टोकियोच्या अशा इमारतींनी आपलं चटईक्षेत्र बहुधा पहिल्यापासून वापरलेलं असतं. विकायला जादा मजले नसले की पुनर्बांधणीचा खर्च मालकांच्याच खिशातून, तोही प्रत्येकी कोटीच्या पटीत येनमध्ये. शिवाय त्या वेळच्या कायद्याने चार-पंचमांश मालकांची संमती लागायची. सगळ्या देशात आजवर पुनर्बांधणी झालेल्या अशा इमारती तीनशेच्या आसपास आहेत. चाळीस वर्षांच्या इमारतीत घर घेताना ती आणखी चाळीस वर्षं नीट राखली जाईल का, एवढंच विचारायचं. मुलाने हे बाबांना समजावलं. त्यांना ते पटायला दोन-तीन फोन लागले.

आकडे

जाहिरातीतले 53 चौरस मीटर भिंतीच्या मध्यापासून मोजलेले होते. सरकारी नोंदीत फ्लॅट आतल्या पृष्ठभागापासून मोजतात. तिथे तो 49.6 निघाला. त्या वेळच्या नियमात जुन्या घरावर गृहकर्जाची करसवलत मिळायला नोंदीतलं क्षेत्र किमान 50 चौरस मीटर लागायचं. वर्षअखेरच्या शिल्लक कर्जाच्या 0.7 टक्के, जास्तीत जास्त दोन कोटी येनवर, दहा वर्षं: एकूण 14 लाख येनपर्यंतची सवलत अर्ध्या मीटरनेही कमी अंतराने हुकली. एजंटने काढलेल्या मासिक खर्चाच्या तक्त्यात मात्र ती धरलेली होती. नोंदीचा उतारा कोणालाही काही शे येनांत मिळतो. घर बघायला जायच्या आधीच काढावा.

बाबांना पंचवीस लाख रुपये पाठवायचे होते. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण तेव्हा सात लाखांच्या पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जात होता. विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण तोवर साडेतीन लाखांहून जास्त अडकून पडणार. इकडे जपानमध्ये वर्षाला 11 लाख येनच्या पुढच्या भेटीवर घेणाऱ्याला कर आहे. घरासाठी आई-वडिलांनी दिलेल्या पैशाला अटींसह सूट आहे, पण त्यासाठीही विवरणपत्र भरावंच लागतं. शेवटी पैसे घेतले नाहीत. त्याच निमित्ताने एक गोष्ट बोलून घेतली, जी कर्जाच्या धांदलीत कोणी सांगत नाही. नोकरीच्या व्हिसावर, वास्तव्य फार जुनं नसेल तोवर, भारतातल्या वारशावर जपानचा वारसा कर सहसा लागत नाही. कायमस्वरूपी रहिवाशाला तो जगभरच्या मालमत्तेवर लागतो, त्यात डोंबिवलीचं घरही आलं. मूळ सूट 3 कोटी येन आणि प्रत्येक वारसामागे 60 लाख. आई, तो आणि त्याचं एक भावंड असे तीन वारस धरून 4 कोटी 80 लाख होतात, त्यामुळे ह्यांना सध्या चिंता नाही. पुण्यात दोन फ्लॅट आणि गावाकडे जमीन असलेल्यांनी मात्र आधी हिशेब करावा.

कर्ज 3 कोटी 60 लाखांचं, 35 वर्षांचं, बदलत्या व्याजाचं. 0.5 टक्क्याला हप्ता सुमारे 93,400 येन, तोच 1.5 टक्क्याला 1,10,200 च्या आसपास. बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये उणे व्याजदर संपवला होता, म्हणून दुसरा आकडा धरूनच बोलायचं असं मी सुचवलं. त्यात व्यवस्थापन खर्च 12,400 आणि निधी 18,000 मिळवला तरी बेरीज त्यांच्या यूआरच्या 1,35,000 भाड्याच्या थोडीशीच वर जात होती. झेपणारं होतं.

पुराचं मला जास्त वाटत होतं. एदोगावाचा सुमारे 70 टक्के भूभाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डने 2019 मध्ये काढलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावरच, महापुराच्या वेळी या वॉर्डात थांबू नका, बाहेर पडा, असं रहिवाशांना सांगितलं आहे. पाचव्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण इमारतीचे पंप आणि विजेची खोली तळमजल्यावर. पाणी उतरलं तरी नळ, लिफ्ट, संडास काही दिवस बंद राहू शकतात. नवरा-बायकोने मुलीला घेऊन कुठे जायचं ते आधी ठरवलं आणि आग विम्यात पुराचं कलम घेतलं. भूकंप विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो आग विम्याच्या रकमेच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंतच मिळतो, तोही घेतला.

सौदा

आम्ही विक्रेत्याला तीन गोष्टी लिहून कळवल्या: पाइपांची स्थिती, निधीची तूट, हुकलेली सवलत. सवलतीशी आमचा संबंध नाही, असं उत्तर आलं, आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. बाकी दोहोंवर बोलणं झालं आणि किंमत 3 कोटी 80 लाखांवर आली. त्याहून जास्त आनंद बायकोला गॅसचा झाला. कंपनीने विजेची शेगडी बसवली होती, पण या इमारतीत एका घराला 40 अँपिअरच्या वर वीज मिळत नाही. हिवाळ्यात हीटर, मायक्रोवेव्ह आणि शेगडी एकदम लागली की एमसीबी पडणार. गॅसची लाइन भिंतीत शाबूत होती. विक्रेत्याने शेगडी बदलून दिली. फुलका थेट आचेवर फुगतो, आणि वांगं भाजता येतं.

लाकडी फरशीचं प्रमाणपत्रही मागून घेतलं. संघाच्या नियमांत एलएल-45 दर्जाची, म्हणजे पावलांचा आवाज खाली कमी पोचवणारी फरशी सक्तीची होती. घरात धावणारं मूल असताना हा कागद खालच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवतो.

करारात कर्ज नामंजूर झालं तर इसार परत, हे कलम आहे ना, ते तारखेसह तपासलं. इसार दहा टक्के दिला. एजंटची दलाली कायद्याच्या कमाल दराने, 3 टक्के अधिक 60,000 येन आणि त्यावर उपभोग कर, तेरा लाखांच्या घरात गेली. वॉर्डात नोंदवलेल्या शिक्क्याने सह्या झाल्या. एप्रिल 2024 पासून परदेशी मालकाचं नाव नोंदीत काताकाना या जपानी लिपीबरोबर रोमन लिपीतही लिहितात, त्यामुळे पासपोर्टशी ते जुळलं. भविष्यात घर विकताना किंवा वारसांच्या नावावर करताना हा मेळ फार उपयोगी पडेल. घर ताब्यात आल्यावर काही महिन्यांनी मालमत्ता संपादन कराचं बिल येतं. त्याचे पैसे वेगळे ठेवायला सांगितले होते, ते ठेवलेले होते.

पुढच्या वसंतात संघाची सर्वसाधारण सभा झाली. बायको गेली. निधी तीन टप्प्यांत वाढवून 17,500 वर न्यायचा ठराव या वेळी मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत ती होती. विरोध करणाऱ्या एका आजींनी सभेनंतर तिला विचारलं, की तू नवीन आलीस, तुला जास्त पैसे देऊन काय मिळणार? तिने आपल्या जपानीत पाइपांचं सांगितलं, आणि आजी तिला आपल्या घरी छतावरचा डाग दाखवायला घेऊन गेल्या. पाळीपाळीने येणारं संघाचं काम यंदा पाचव्या मजल्याकडे आहे. स्लॅबखालचे पाइप बदलायचे की आतून लेप देऊन आयुष्य वाढवायचं, यासाठी तीन कंपन्यांकडून अंदाजपत्रकं मागवायची आहेत. त्यांच्या कागदांचं भाषांतर करायला तिने मला पुढच्या शनिवारी बोलावलं आहे.